मिनरल स्पिरिट, टर्पेंटाइन, थिनर, नॅप्था: दुकानात नेमकं काय मागायचं?

सागवान

मंडळी, मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहितो.

सांगलीच्या घराच्या पडवीतला आजोबांचा सागवानी झोपाळा मी पुण्याला आणला. लाकूड ठणठणीत आहे, कड्याही शाबूत आहेत. फक्त पाठीच्या फळीवर आणि हातांवर चाळीस-पन्नास वर्षांचा मेणचट काळा थर बसलाय. तेलाचे हात, धूर, धूळ, सगळं एकत्र. जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका अमेरिकन माणसाचे व्हिडिओ मी बघतो. तो म्हणाला, मिनरल स्पिरिटने पुसा, मळ निघेल आणि खालच्या पॉलिशला काही होणार नाही. दुसऱ्या व्हिडिओत त्यानेच सांगितलं की मिनरल स्पिरिट म्हणजेच पेंट थिनर.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि मिनरल स्पिरिट मागितलं. दुकानदार म्हणाला, "स्पिरिट पाहिजे की थिनर?" मी थिनर घेतलं.

पहिल्या हातात फडकं तपकिरी झालं, मला वाटलं वा, मळ निघतोय. दुसरा हात फिरवला तर लाकूड बोटाला चिकटायला लागलं. खिडकीच्या उजेडात पाहिलं तर माझ्या अंगठ्याचा ठसा फळीवर उमटलेला, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. मळ नव्हता तो, पॉलिश विरघळत होतं. तळहाताएवढा पट्टा गेला. आजोबांनी बसवून घेतलेलं पॉलिश होतं हो ते.

तर प्रश्न असा: मिनरल स्पिरिट, व्हाइट स्पिरिट, टर्पेंटाइन, थिनर, नॅप्था, पेट्रोलियम ईथर यातलं काय म्हणजे काय? आणि आपल्याकडच्या दुकानात कुठल्या नावाने मागायचं?

केसरी_रंग

भाऊ, वाईट वाटलं वाचून. आमची तिसरी पिढी रंगकामात आहे, कोल्हापूर. तुम्हाला मिळालं ते एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या रंगांचं. आपल्याकडे नुसतं "थिनर" म्हटलं की तेच मिळणार. ते ड्युको आणि लॅकरसाठी असतं. त्यात टोल्यूइन असतं, वर एस्टर आणि अल्कोहोल. तुमच्या झोपाळ्याचं पॉलिश त्या काळचं म्हणजे चपड्याचं, लाखेचं असणार. चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात, मग अल्कोहोल असलेल्या थिनरसमोर तो कसा टिकेल?

आमच्याकडे पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी हेच पाठ करून घेतात: ऑइलपेंटला टर्पेंटाइन, ड्युकोला थिनर, फ्रेंच पॉलिशला स्पिरिट. साइटवर तिन्ही डबे शेजारी असतात आणि तिन्ही पाण्यासारखेच दिसतात. ऑइलपेंटच्या जुन्या हातावर थिनर गेलं तर रंग सुरकुतून उठतो. आणि लॅकरमध्ये चुकून टर्पेंटाइन पडलं तर दुधासारखं फाटतं. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलंय.

सागवान

धन्यवाद केसरीभाऊ. म्हणजे अमेरिकेतलं पेंट थिनर आणि आपलं थिनर ह्या दोन वेगळ्याच वस्तू. मग मिनरल स्पिरिट म्हणजे आपलं टर्पेंटाइन असं समजू का?

तूलिका

थांबा थांबा! टर्पेंटाइन हे झाडापासून मिळतं. मी तैलरंगात काम करते. चीडाच्या झाडाला खाच पाडून जो चीक गोळा करतात, हिमाचल-उत्तराखंडकडे त्याला लीसा म्हणतात, तो उकळून वाफ थंड केली की टर्पेंटाइन मिळतं आणि मागे राळ उरते. हिमाचलमध्ये नाहन आणि बिलासपूरला सरकारी कारखाने आहेत. त्याचा पेट्रोलियमशी काही संबंध नाही. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून जे विकतात ते टर्पेंटाइन नव्हेच.

माहुलकर

तूलिकाताईंचं बरोबर आहे आणि केसरीभाऊंचंही बरोबर आहे. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो. माहुलच्या रिफायनरीत माझी ३१ वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा प्रयोगशाळेत.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रंगात घालायला झाडाचंच टर्पेंटाइन वापरत. ते महाग होतं. खनिज तेलातून जवळपास त्याच तापमानाला उकळणारा भाग स्वस्तात मिळायला लागला आणि तो त्याच कामाला चालला. त्याला नाव पडलं मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे खनिज टर्पेंटाइन. आमच्या भाषेत एमटीओ, मिनरल टर्पेंटाइन ऑइल. पुढे दुकानात 'मिनरल' शब्द गळला आणि 'टर्पेंटाइन' उरलं. रंगाऱ्यांच्या तोंडी तर नुसतं टर्पिन. ऑस्ट्रेलियातही हेच झालं, ते टर्प्स म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याच वस्तूला व्हाइट स्पिरिट म्हणतात, अमेरिकेत मिनरल स्पिरिट. वस्तू साधारण एकच, देशागणिक नाव वेगळं.

म्हणून सागवान, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: पुण्याच्या दुकानात "एमटीओ" मागा किंवा "ऑइलपेंटचं टर्पेंटाइन" म्हणा. आणि डब्यावर मिनरल टर्पेंटाइन लिहिलंय का ते वाचा.

आता नावं एवढी का? कच्चं तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलकं वर चढतं, जड खाली राहतं. मनोऱ्यात कुठेही 'इथे नॅप्था संपला, इथे रॉकेल सुरू झालं' अशी भिंत नसते. आपण ठरवायचं, या तापमानापासून त्या तापमानापर्यंतचा तुकडा कापायचा. इंग्रजीतही त्याला कटच म्हणतात. त्यामुळे यातली बहुतेक नावं एका पदार्थाची नाहीतच, ती तुकड्याची नावं आहेत. एका तुकड्यात शेकडो हायड्रोकार्बन असतात. नॅप्था हे तर कुळाचं नाव आहे. हलका नॅप्था, जड नॅप्था, रंगवाल्यांचा नॅप्था, सगळे वेगवेगळे.

तुकडा ओळखायचा तो तीन गोष्टींनी. कुठे उकळायला लागतो आणि कुठे संपतो, फ्लॅश पॉइंट किती, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते, आणि त्यात अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीन-टोल्यूइनच्या घराण्यातले हायड्रोकार्बन, किती. ही तीन उत्तरं मिळाली की नाव काहीही असो, काय हातात आलंय ते कळतं.

सागवान

काका, इतकं स्वच्छ मला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते १४५/२०५ वगैरे आकडे काही डब्यांवर दिसले. तेच का ते उकळण्याचं तापमान?

माहुलकर

तेच. आयएस १७४५ हे पेट्रोलियम सॉल्व्हंटचं भारतीय मानक आहे, त्यातली ती ग्रेड. १४५ अंशाच्या आसपास उकळायला सुरुवात आणि २०५ च्या आत खेळ खलास. त्यातही लो अ‍ॅरोमॅटिक आणि हाय अ‍ॅरोमॅटिक असे प्रकार असतात. तसंच एसबीपी ५५/११५ म्हणून येतं, स्पेशल बॉइलिंग पॉइंट स्पिरिट. ते ५५ अंशालाच उकळायला लागतं, म्हणजे उन्हाळ्यात उघडं ठेवलं तर डोळ्यांदेखत कमी होतं. रबर आणि चिकट द्रावणांच्या धंद्यात वापरतात. ते पेटायला ठिणगीही पुरते, घरात आणू नका.

ओवी_म्युनिक

इथे जर्मनीत तर अजून मजा आहे. पेट्रोलला म्हणतात बेन्झिन. रॉकेलला म्हणतात पेट्रोलियम. आणि ज्याला आपण केमिस्ट्रीत बेंझीन शिकलो, सहा कार्बनचं कडं, त्याला म्हणतात बेन्झोल. डाग काढायचं वाशबेन्झिन औषधांच्या दुकानातही मिळतं. व्हाइट स्पिरिटला टेस्टबेन्झिन किंवा टेर्पेंटीनएर्झात्स, म्हणजे शब्दशः टर्पेंटाइनच्या बदलीचं. माहुलकरकाकांनी सांगितलेला इतिहास नावातच आहे बघा.

पहिल्या वर्षी मी दुकानात वाशबेन्झिनची बाटली बघून घाबरून परत ठेवली होती, कारण मला वाटलं बेंझीन कोण असं खुलं विकतं, कॅन्सर होतो त्याने. नंतर कळलं की बेन्झिन आणि बेंझीनचा हा घोळ सगळ्या जगाला छळतो. पेट्रोलियमपासूनच्या अशा द्रावकांत बेंझीन ०.१ टक्क्यापेक्षा कमी असेल तर युरोपात त्यांना कर्करोगकारक म्हणून धरत नाहीत. त्यामुळे उत्पादक ते काढून टाकतात.

टीएलसी_प्लेट

एमएस्सीला आमची पहिली तोंडी परीक्षा. सरांनी विचारलं, पेट्रोलियम ईथरमध्ये ईथरचा बंध कुठे असतो? मी फळ्यावर काढायला सुरुवात केली!

कुठेच नसतो. पेट्रोलियम ईथर म्हणजे पेंटेन-हेक्झेनच्या आसपासचा हलका तुकडा. ईथरसारखा भुर्रकन उडतो म्हणून नाव पडलं. बाटलीवर ४०-६० किंवा ६०-८० लिहिलेलं असतं, तेही उकळण्याचे अंशच. तोंडी परीक्षेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सुभानराव

स्पिरिट शब्दावर पण कुणीतरी बोला. दवाखान्यातलं स्पिरिट, पॉलिशचं स्पिरिट, व्हाइट स्पिरिट, पेट्रोलियम स्पिरिट. मी पंपावर वीस वर्षं हिशेब लिहिला. आमच्या चलनावर पेट्रोल असा शब्द नसायचा, एमएस असायचं. मोटर स्पिरिट. नवीन पोरगं आलं की विचारायचं, साहेब ही एमएस कोण?

माहुलकर

सुभानराव, अगदी नेमकं. जे उडून जातं ते स्पिरिट, एवढाच जुना अर्थ. एक स्पिरिट उसाच्या मळीतून येतं, दुसरं जमिनीखालून. पाण्यात मिसळून बघा. अल्कोहोलवालं पाण्यात विरघळतं, पेट्रोलियमवालं वर तरंगतं. कुठलं स्पिरिट कुठून आलंय, हे एवढ्यावरून कळतं.

मायमराठी_शब्दवेडी

विषय थोडा सोडून, पण राहवत नाही. रॉकेल म्हणजे रॉक ऑइल, खडकाचं तेल. पेट्रोलियम म्हणजेही तेच, पेट्रा खडक आणि ओलियम तेल. एकाच अर्थाचे दोन शब्द आपण दोन वस्तूंना दिले. आणि घासलेट हे गॅसलाइटवरून आलं असं म्हणतात. केरोसीन हा शब्द मात्र घडवलेला आहे. एब्राहम गेस्नरने १८४६ च्या सुमारास ते तयार करून दाखवलं आणि ग्रीक भाषेतल्या मेणाच्या शब्दावरून नाव ठेवलं. इंग्लंडमध्ये रॉकेलला पॅराफिन म्हणतात, आपल्याकडे पॅराफिन म्हणजे मेण. तिथेही मेण आलंच.

आमची आजी मात्र शेवटपर्यंत घासलेटच म्हणायची. "घासलेटची बाटली उचल, दिवेलागण झाली."

नांदगावकर

रॉकेलचा विषय निघाला म्हणून. रेशनचं रॉकेल निळं असायचं, आठवतंय? रांगेत उभं राहून पाच लिटरचा डबा भरून आणायचा आणि हात निळसर व्हायचे. तो रंग मुद्दाम घातलेला असायचा, भेसळ ओळखता यावी म्हणून. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये आणि हलकं सॉल्व्हंट पेट्रोलमध्ये मिसळलं की दिसत नाही, कारण काकांनी म्हटलं तसं सगळे शेजारशेजारचेच तुकडे.

आमच्या भागात हा विषय नुसता भेसळीचा नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. भेसळ पकडायला गेले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. सॉल्व्हंट, नॅप्था हे शब्द वाचले की मला अजून तोच दिवस आठवतो.

सुभानराव

विसरता येणार नाही तो दिवस. २००० सालीच केंद्राने सॉल्व्हंट आणि रॅफिनेट, स्लॉप ही रिफायनरीत उरणारी तेलं यांच्यासाठी स्वतंत्र आदेश काढला होता. खरेदी, विक्री, साठा यावर परवान्याचं बंधन आणि गाडीत वापरायला बंदी. कागदावर कायदा होता. पण ट्रकच्या टाकीत काय चाललंय ते पाहायला माणूस लागतो, आणि तो माणूस गेला.

केसरी_रंग

दोघांनाही नमस्कार.

मूळ विषयाकडे येतो. काका म्हणतात आकडे वाचा. पण सुटं घेताना डबाच नसतो हो. पाच लिटरच्या कॅनमध्ये दुकानदार ओतून देतो. आमचे वडील झाकण उघडून एक वास घेत आणि सांगत, हे टर्पिन, हे रॉकेल मिसळलेलं, हे थिनर. कधी चुकले नाहीत. नाकासारखं दुसरं यंत्र नाही.

दवाखान्यातून

केसरीभाऊ, तुमच्या वडिलांच्या अनुभवाचा आदर ठेवून असहमत. मी डॉक्टर आहे. वास घेऊन ओळखण्यात दोन अडचणी आहेत. एक, या वासांनी नाक फार लवकर बधिर होतं, चौथ्या डब्याला तुम्हाला फरक कळत नाही. दोन, आता वास काढून टाकलेले प्रकार मिळतात. अ‍ॅरोमॅटिक काढले की वास जवळजवळ जातो, पण वाफ तशीच असते आणि डोकं तसंच गरगरतं.

हलक्या तुकड्यांत एन-हेक्झेन असतं. ते शरीरात गेल्यावर त्याचं २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते हातापायांच्या नसांवर घाला घालतं. चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार जगात अनेक ठिकाणी नोंदलाय. आधी पायाच्या बोटांना मुंग्या, मग पाऊल उचलत नाही. बंद खोलीत, खिडकी न उघडता रोज काम करणाऱ्याला हे होतं. सॉल्व्हंट नाकाने ओळखू नका, कृपा करा.

आणि दुसरं, हे मी हात जोडून सांगतो. टर्पेंटाइन, रॉकेल, थिनर कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे तीन वर्षांचा मुलगा आला. रंगकामवाल्याने उरलेलं टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत ठेवलं होतं, खिडकीच्या खालच्या कट्ट्यावर. मुलाने एक घोट घेतला, ठसका लागला. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. तिथेच घोटाळा झाला. पोटात गेलेलं टर्पेंटाइन तितकं भयंकर नसतं जितकं उलटीच्या वेळी फुफ्फुसात उतरलेलं असतं. सहा दिवस ऑक्सिजनवर होता, वाचला. उलटी करवायची नाही, दूध-मीठ काही द्यायचं नाही, तडक दवाखाना, आणि बाटली किंवा डबा सोबत आणायचा. आईने बाटली आणली होती, पण त्यावर पाण्याचं लेबल होतं. आत काय आहे ते आम्हाला रंगाऱ्याला फोन करून विचारावं लागलं.

केसरी_रंग

डॉक्टर, हे वाचून हात थरथरले. आमच्याकडेही बाटल्यांत असतं. उद्याच सगळ्या बाटल्या काढतो. वडील शेवटी-शेवटी म्हणायचे पाय बधिर होतात. आम्ही वय समजत होतो.

दवाखान्यातून

वय, साखर, जीवनसत्त्व, कारणं बरीच असतात, त्यामुळे लगेच तसंच समजू नका. पण तुम्ही स्वतः एकदा तपासून घ्या, आणि खिडक्या उघड्या ठेवा.

क्रमांकशास्त्री

नावांच्या घोळावर उपाय आहे, सीएएस क्रमांक. प्रत्येक रासायनिक पदार्थाला एक. डब्यासोबत सुरक्षा माहितीपत्रक मागा किंवा कंपनीच्या साइटवरून उतरवा, त्याच्या तिसऱ्या भागात हा क्रमांक असतो. झाडाचं टर्पेंटाइन ८००६-६४-२. स्टॉडार्ड सॉल्व्हंट, म्हणजे अमेरिकन मिनरल स्पिरिटचा जुना प्रकार, ८०५२-४१-३. रॉकेल ८००८-२०-६. बेंझीन ७१-४३-२. बाटलीवर बेंझीन लिहिलंय की बेन्झिन याने गोंधळू नका, क्रमांक बघा.

आणि क्रमांक खरा आहे का हे तपासता येतं, मला हे फार आवडतं. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. ८००६-६४-२ घ्या. शेवटचा २ बाजूला ठेवा. उरलेले आकडे उजवीकडून १, २, ३ ने गुणत जा: ४ एके ४, ६ दुणे १२, ६ त्रिक १८, दोन शून्यांचं शून्य, ८ सक ४८. बेरीज ८२. शेवटचा आकडा २. जुळला! लेबलवर एक आकडा चुकीचा छापला असेल तर बहुतेक वेळा इथे पकडला जातो.

माहुलकर

गणित सुंदर आहे, पण इथे मी जरा अडवतो. शुद्ध पदार्थाला सीएएस क्रमांक आधारकार्डासारखा आहे. टोल्यूइन म्हणजे टोल्यूइन. पण तुकड्याला तो आडनावासारखा आहे. ६४७४२-४८-९ हा क्रमांक हायड्रोजन देऊन शुद्ध केलेल्या जड नॅप्थाचा. त्या एका क्रमांकाखाली १५० अंशाला उकळणारंही मिळेल आणि १९० ला उकळणारंही. एकाचा फ्लॅश पॉइंट ४० च्या आसपास, दुसऱ्याचा ६० च्या वर. शिवाय त्याच एमटीओला एक उत्पादक ८०५२-४१-३ देतो, दुसरा ६४७४२-८२-१.

म्हणून क्रमांक पाहाच, पण तिथे थांबू नका. माहितीपत्रकाचा नववा भाग वाचा. उकळण्याची मर्यादा, फ्लॅश पॉइंट, घनता तिथे असते. आमच्या प्रयोगशाळेत नमुना आला की लेबल झाकून ठेवायचो. आधी घनता, मग फ्लॅश, मग १०० मिलिलिटर उकळून दर दहा मिलिलिटरला तापमान टिपायचं. काचेच्या नळीच्या टोकाशी पहिला थेंब लोंबकळतो आणि पडतो, त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा. तो पहिला थेंब पडेपर्यंत सगळे श्वास रोखून उभे असायचे. मग लेबल उघडायचं.

क्रमांकशास्त्री

मान्य काका. आडनावाची उपमा पटली. माझा मुद्दा आता असा सुधारतो: क्रमांकाने घर कळतं, नवव्या भागाने माणूस कळतो.

गॅरेजवाला_भोसरी

ते डी-४० म्हणून सॉल्व्हंट येतं, आम्ही पार्ट धुवायला वापरतो. त्यातलं ४० म्हणजे काय? डब्ल्यूडी-४० मधलंच का?

माहुलकर

नाही. डी-४०, डी-६०, डी-८० यातला आकडा साधारण फ्लॅश पॉइंट आहे आणि 'डी' म्हणजे अ‍ॅरोमॅटिक काढलेलं. डब्ल्यूडी-४० मधलं ४० म्हणजे पाणी हटवणाऱ्या द्रावणाचा चाळिसावा प्रयोग जमला म्हणून. एकात ४० अंश, दुसऱ्यात ४० वा खटाटोप.

तुम्ही पेट्रोलने पार्ट धूत नाही याचं कौतुक वाटलं. पेट्रोलियम कायद्यात फ्लॅश पॉइंट २३ अंशाच्या खाली तो ए वर्ग, २३ ते ६५ बी, ६५ ते ९३ सी. पेट्रोल ए मध्ये, एमटीओ आणि रॉकेल बी मध्ये. हे सगळं पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

लाँड्रीवाली

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून 'पेट्रोल वॉश' लिहिलंय. गिऱ्हाईक विचारतं, खरंच पेट्रोल घालता का? सासऱ्यांच्या काळात पैठण्या पेट्रोलमध्ये धूत. आम्ही एमटीओवर आलो. जरीला चांगलं, वाळायला वेळ लागतो, पण रात्री झोप लागते.

क्रमांकशास्त्री

ताई, हाच प्रवास अमेरिकेत १९२० च्या दशकात झाला! ड्रायक्लीनिंगची दुकानं सारखी पेटत. अटलांटाच्या स्टॉडार्ड नावाच्या एका ड्रायक्लीनरने पुढाकार घेतला आणि फ्लॅश पॉइंट १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर असलेला तुकडा ठरवून घेतला. वर दिलेलं स्टॉडार्ड सॉल्व्हंट ते हेच. लाँड्रीवाल्याचं नाव रसायनाला लागलंय.

लाँड्रीवाली

हे मी फ्रेम करून दुकानात लावणार!

घाटरस्ता

टँकरच्या मागे नारिंगी पाटी असते, त्यावर चार आकडी यूएन क्रमांक असतो. खंडाळ्याच्या जाममध्ये पोरांना घेऊन हाच खेळ खेळतो. १२०३ पेट्रोल, १२२३ रॉकेल, १३०० टर्पेंटाइनच्या बदलीचं म्हणजे एमटीओ, १२९९ खरं टर्पेंटाइन, १२९४ टोल्यूइन. मुलीला आता माझ्याहून जास्त पाठ आहेत.

तूलिका

बघा, वाहतूकवाल्यांनीसुद्धा खऱ्या टर्पेंटाइनला वेगळा क्रमांक दिलाय! मला फरक कामात कळतो. डॅमर राळ झाडाच्या टर्पेंटाइनमध्ये काचेसारखी स्वच्छ विरघळते, एमटीओमध्ये गढूळ राहते. विद्यार्थ्यांचं वार्निश ढगाळ झालं की मी आधी बाटली मागते. पण प्रामाणिकपणे हेही सांगते, चीडाच्या टर्पेंटाइनमधल्या कॅरीनने माझ्या बोटांना इसब झालं होतं. ब्रश धुवायला मी आता बिनवासाचं पेट्रोलियमचंच वापरते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

सागवान

कालचा रविवार सत्कारणी लागला.

दुसऱ्या दुकानात गेलो. "एमटीओ" म्हटल्याबरोबर दुकानदाराने मान वर करून पाहिलं आणि सीलबंद डबा दिला. लेबलवर मिनरल टर्पेंटाइन आणि आयएस १७४५ दोन्ही छापलेलं. तरी घरी गॅलरीत, पंखा लावून, तीन गोष्टी केल्या. पाण्याच्या वाटीत चमचाभर टाकलं, वर तरंगलं. थर्माकोलचा तुकडा त्यात टाकला, तसाच राहिला. तोच तुकडा जुन्या थिनरमध्ये टाकला तर उन्हातल्या बर्फासारखा बसला. कोऱ्या कागदावर दोन थेंब, शेजारी रॉकेलचे दोन. दीड तासात एमटीओचा डाग गेला, रॉकेलचा आज सकाळीही तेलकट आहे.

मग झोपाळ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात हात फिरवून दहा मिनिटं थांबलो. चिकट झालं नाही. मग फळी पुसली. फडकं काळं झालं, तपकिरी नाही. खालून सागाच्या रेषा वर आल्या, मधासारखा रंग. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, हा असा होता होय!" ती लग्न होऊन आली तेव्हाही तो काळाच होता म्हणे.

आता तो तळहाताएवढा पट्टा उरलाय. केसरीभाऊ, तो कसा भरू?

माहुलकर

फार आनंद झाला. थर्माकोल फक्त अंदाजाला, त्यावर निकाल देऊ नका. झाडाचं टर्पेंटाइनही त्याला हळूहळू खातं. घरात काटा असेल तर लिटरभराचं वजन करून बघा. एमटीओ पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास भरेल, झाडाचं ८६० च्या पुढे. आणि फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून उघड्यावर वाळू द्या. जवसाचं तेल लागलेली असतील तर ती आपोआपसुद्धा पेटतात.

केसरी_रंग

पट्ट्याला घासू नका. चपडा आणा, लाखेच्या पापुद्र्यांसारखा मिळतो. रात्री स्पिरिटमध्ये भिजत घाला. दवाखान्यातलं नको, पॉलिशचं स्पिरिट. सकाळी गाळून घ्या. सुती फडक्यात कापूस गुंडाळून पोचा करा, एमटीओने पुसलेली जागा पूर्ण वाळू द्या आणि मग गोल-गोल हात. एका जागी थांबायचं नाही, थांबलात की खालचं विरघळतं. पातळ सात-आठ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. जुन्या पॉलिशच्या कडेशी नवं आपोआप मिसळतं, चपड्याचा तोच गुण आहे.

रंग जुळला नाही तर फोटो टाका. मी पुढच्या महिन्यात पुण्याला कामाला येतोय, येऊन हात फिरवून जाईन.

सागवान

या. झोपाळ्यावर बसूनच चहा घेऊ.